कथा कुठे अडली तेवढं सांगा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात पाच-सहा जण पंधरा दिवसांतून एकदा जमतात आणि एकमेकांच्या कथा वाचतात. प्रत्येक कथेला 'छान जमलीय', 'शेवट भिडला' असं म्हटलं जातं. दिवाळी अंकांकडे पाठवल्या की मात्र त्या परत येतात, नाहीतर उत्तरच येत नाही. सोबत एका कथेचा आराखडा आणि सुरुवातीचा परिच्छेद दिला आहे. नारायण पेठेतला वाडा, दोन भाऊ, पुनर्विकासाच्या करारावर धाकट्याची, म्हणजे सुधीरची, सही बाकी. लांबी ४,२०० शब्द. हिच्यावर काम कसं करायचं आणि एकमेकांना खरं कसं सांगायचं, असं विचारलंय.

आधी खरं सांगण्याबद्दल. 'छान' निरुपयोगी आहे हे सगळ्यांना पटतं. पण उलट टोकाचा शेराही तितकाच निरुपयोगी असतो. 'कंटाळवाणी', 'पात्रं सपाट', 'भाषा जुनाट' ही झाली पुणेरी पाटी. वाचणाऱ्याची करमणूक होते, पण लेखकाने घरी जाऊन नेमकं काय करायचं? कामाच्या शेऱ्यात दोनच गोष्टी लागतात: कथेतली नेमकी जागा आणि तिथे वाचताना काय झालं. 'पान ३, दुसरा परिच्छेद: वाड्यातल्या चौकाचं वर्णन सुरू झालं आणि मी चार ओळी गाळून पुढे गेले.' 'पान ५: दादा चिडलाय की दमलाय ते कळेना, दोनदा वाचलं.' बास, एवढंच. 'इथे दादाला रडव', 'शेवटी वाडा पडताना दाखव' हे उपाय झाले. ते आपल्याजवळ ठेवावेत.

याला कारण आहे. वाचक अडखळला ही खूण जवळजवळ नेहमी खरी असते. तो का अडखळला याचा त्याने लावलेला अर्थ मात्र बऱ्याचदा चुकतो. चौकाच्या वर्णनात कंटाळा आला म्हणून वर्णन लांबलंय असं नसतं. पहिल्या दोन पानांत सुधीरला काय हवंय हे कळलेलंच नसतं, त्यामुळे चौकाकडे कशासाठी बघायचं हे वाचकाला ठाऊक नसतं. अशा वेळी 'वर्णन कापा' हा सल्ला पाळला तर कथा आणखी पोकळ होते. दोष पान १ वर, कळ पान ३ वर.

बैठकीची पद्धत थोडी बदला. कथा ऐकवू नका. चांगल्या वाचनाने वाईट वाक्यंही तरून जातात. छापील प्रत किमान दोन दिवस आधी सगळ्यांकडे पोचवा. प्रत्येकाने समासात तीनच खुणा करायच्या: अडखळलो तिथे प्रश्नचिन्ह, कंटाळलो तिथे आडवी रेघ, भान हरपलं तिथे बरोबरची खूण. बैठकीत लेखकाने गप्प बसायचं, 'नाही, मला तिथे असं म्हणायचं होतं' हे वाक्य तर उच्चारायचंच नाही, कारण अंकाच्या वाचकाशेजारी लेखक बसलेला नसतो. शेवटी सगळ्या प्रती गोळा करून खुणा एका प्रतीवर उतरवा. सहापैकी तिघे एकाच परिच्छेदात अडले असतील, तर तिघांची कारणं वेगळी असली तरी जागा सदोष आहे. एकटाच अडला असेल तर नोंद ठेवा, लगेच हात लावू नका.

बरोबरच्या खुणाही तितक्याच नेमक्या हव्यात. 'वहिनी कुकरच्या शिट्ट्या मोजत मोजत बोलते तिथे मजा आली' हे कुणी सांगितलं नाही, तर पुढच्या खर्ड्यात लेखक नेमकी तीच ओळ काटछाटीत उडवतो.

आता खुद्द कथेकडे. संपादनाचा क्रम मोठ्याकडून लहानाकडे: आधी प्रसंगांची मांडणी, मग एकेक प्रसंग, मग वाक्यं, सगळ्यात शेवटी शुद्धलेखन. बहुतेक जण उलटं करतात, कारण ऱ्हस्व-दीर्घ सुधारणं सोपं असतं आणि काम केल्याचं समाधान मिळतं. तोटा असा, की चार वेळा घासूनपुसून लखलखीत केलेला परिच्छेद पुढे संपूर्ण कापायची वेळ आली की हात धजावत नाही. मग त्या परिच्छेदाला जागा मिळावी म्हणून कथा वाकवली जाते.

पहिला खर्डा झाला की तीन आठवडे बाजूला ठेवा. दिवाळी अंकांच्या मुदती बहुधा पावसाळ्यातच संपतात, त्यामुळे हे तीन आठवडे आधीच हिशेबात धरा. मग छापून घ्या: १४ पॉइंट, दुप्पट ओळअंतर, उजवीकडे चार बोटं समास. स्क्रीनवर डोळा वाक्यावरून घसरतो, कागदावर अडकतो. पहिलं वाचन पेन खाली ठेवून, एका बैठकीत. दुसऱ्या वाचनात फक्त तक्ता करायचा: प्रसंग, शब्दसंख्या, त्या प्रसंगात कुणाला काय हवंय, आणि प्रसंग संपताना काय बदललं.

पाठवलेल्या आराखड्याचा तक्ता असा येतो: सुधीर वाट बघतो, ६०० शब्द. वाड्यातलं बालपण, ९००. दादा येतो, चहापाणी, ७००. आईच्या आजारपणाची आठवण, ८००. सहीची मागणी, ७००. शेवट, ५००. शेवटचा रकाना भरायला घेतला की दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत काहीच लिहिता येत नाही. म्हणजे १,७०० शब्द, कथेचा चाळीस टक्के भाग, काहीही न बदलता जातो. शिवाय सहीचा विषय निघतो ३,००० शब्दांनंतर. तोवर वाचकाला कथा कशाबद्दल आहे हे फक्त अंदाजाने कळतं. ही मागणी हजार-बाराशे शब्दांपर्यंत आली पाहिजे. बालपणाचा प्रसंग स्वतंत्र ठेवायची गरज नाही. त्यातले दोन-तीन तपशील, जे दादाला एका तऱ्हेने आणि सुधीरला दुसऱ्या तऱ्हेने आठवतात, ते सहीच्या संभाषणात आले तर आठवणीचं भांडण होईल आणि ती जागा कमावतील. कथा ३,००० शब्दांच्या आसपास बसेल. शब्द कमी करणं हा हेतू नाही. तक्त्यातले रिकामे रकाने गेले की ते आपोआप कमी होतात.

जी आठवण ठेवाल तिच्या व्याकरणाकडे बघा. मराठीत आठवण सुरू झाली की पानभर 'गेला होता, बसली होती, म्हणाले होते' चालू राहतं. तेवढ्याची गरज नसते. पहिल्या एक-दोन वाक्यांत 'होता' लावून मागे गेल्याचं दाखवा, पुढे साधा भूतकाळ चालवा, आणि परत येताना आत्ताच्या खोलीतल्या एखाद्या वस्तूला किंवा आवाजाला धरून या. 'तो भानावर आला' हे लिहावं लागत नाही.

हे वाक्यांच्या पातळीवर कसं दिसतं, ते पाठवलेल्या परिच्छेदावरच बघू:

'सकाळची वेळ होती. आकाशात काळे ढग दाटून आले होते. सुधीर खिडकीत उभा होता. त्याच्या मनात विचारांचं काहूर माजलं होतं. आज दादा येणार होता. दादाला वाड्याच्या कागदांवर सही हवी आहे, हे त्याला चांगलंच माहीत होतं. तो अतिशय अस्वस्थ झाला होता. तेवढ्यात अचानक बेल वाजली. त्याने दार उघडून, दादाला आत घेऊन, पाणी देऊन त्याला बसायला सांगितलं. "कसा आहेस?" दादाने विचारलं. "ठीक आहे. तू कसा आहेस?" सुधीर म्हणाला.'

चूक म्हणावी असं यात काही नाही, आणि अडचण तीच आहे. पहिली सातही वाक्यं 'होता'च्या कुळात संपतात. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे हा ठोका कानाला लगेच जाणवतो आणि मोठ्याने वाचलं की पाढे म्हटल्यासारखं वाटतं. ढगांचा पुढे कशाशीही संबंध नाही. 'काहूर' आणि 'अस्वस्थ' ही एकाच गोष्टीची दोन नावं, आणि दोन्ही ठिकाणी वाचकाला काही दिसत नाही. 'तेवढ्यात अचानक' यातलं एक पुरे. खरं तर दोन्ही नकोत, कारण बेल नेहमी अचानकच वाजते. 'उघडून, घेऊन, देऊन' या साखळीत तीन कृती एका दमात उरकल्या, आणि भावाला दारात बघितल्याचा जो क्षण महत्त्वाचा होता तो त्यात चिरडला. शेवटचे दोन संवाद खरे आहेत, रोज बोलले जातात, म्हणूनच कथेत नकोत.

एक शक्यता अशी:

'दादा दहाला येतो म्हणाला होता. साडेनऊपासून सुधीरने टीपॉयवरचं पेन दोनदा ड्रॉवरमध्ये टाकलं आणि दोनदा परत काढून ठेवलं. तिसऱ्यांदा आत टाकलं आणि बेल वाजली. "पेन आहे ना रे घरात?" चपला काढता काढता दादा म्हणाला.'

'अस्वस्थ' शब्द गेला, अस्वस्थता राहिली. सहीचा विषय चौथ्या वाक्यात आला, तोही 'सही' न म्हणता. 'रे' मुळे नातं कळलं. हेच उत्तर बरोबर असं नव्हे. लेखकाच्या डोक्यातला सुधीर पेन लपवणारा नसेलही. मग तो काय करतो ते लेखकाने शोधावं. मात्र तो काहीतरी करतो, हे पक्कं.

'होता'वर उतारा म्हणून काही जण क्रियापद उचलून पुढे ठेवतात: 'उभा होता सुधीर खिडकीत. बघत होता तो रस्त्याकडे.' पानभर असं वाचलं की जाहिरातीचा मजकूर वाटतो. त्यापेक्षा ते वाक्यच लागतंय का ते बघा. संगणकाच्या शोध-खिडकीत 'होत' एवढीच अक्षरं टाकली की होता, होती, होतं, होते सगळे एकदम उजळतात, आणि सलग चार-पाच दिसले तिथे काम आहे. तसंच 'एक' आणि 'एका' शोधा, मागेपुढे मोकळी जागा ठेवून, नाहीतर 'एकदा' आणि 'एकटा'ही सापडत बसतील. 'त्याने एक दीर्घ श्वास घेतला', 'एका क्षणासाठी तो थांबला' यातला 'एक' इंग्रजीतून आलेला पाहुणा. 'क्षणभर थांबला' हे आपलं. 'माझी मदत कर' ही हिंदी. आपण 'मला मदत कर' म्हणतो. पात्रच तसं बोलणारं असेल तर गोष्ट वेगळी, पण मग ते पात्र सगळीकडे तसं बोललं पाहिजे.

दोन भावांच्या कथेत सर्वनामांचा घोळ ठरलेलाच. 'त्याने त्याला त्याची फाईल दिली' हे लिहिणाऱ्याला स्पष्ट असतं, कारण त्याला चित्र दिसत असतं. मराठीने इथे एक सोय करून ठेवली आहे. 'दादाने सुधीरला आपल्या खोलीत नेलं' म्हटलं तर खोली दादाची, 'त्याच्या खोलीत' म्हटलं तर सुधीरची. हा फरक पाळला तर निम्मा गोंधळ मिटतो. उरलेल्या ठिकाणी सरळ नाव घ्या. नाव पुन्हा आल्याने वाचक वैतागत नाही.

संवादात आधी हाका तपासा. दादाला 'तू' की 'तुम्ही' हे घरागणिक वेगळं असतं आणि दोन्ही चालतं. पण पान २ वर 'दादा, तुम्ही बसा' आणि पान ६ वर 'दादा, तू ऐक' असेल, तर त्या दोन पानांमध्ये काहीतरी घडलेलं असलं पाहिजे. घडलं असेल तर हा कथेतला सर्वात मोलाचा बदल, नसेल तर नुसती विसंगती. वहिनी धाकट्या दिराला काय म्हणते, सुधीरची बायको जाऊबाईंसमोर नवऱ्याला 'अहो' म्हणते की नावाने हाक मारते, हे ठरवून कागदावर लिहून ठेवा. मग एकेका पात्राचे संवाद वेगळे काढून सलग वाचा. चारही पात्रं लेखकासारखीच पूर्ण, नीटनेटक्या वाक्यांत बोलत असतील तर ते लगेच उघडं पडतं. यावर उपाय म्हणून वाड्यातल्या भाडेकरूच्या तोंडी 'व्हय-न्हाई' पेरणं हा नव्हे. ते वेषांतर होतं. माणूस काय सांगायचं टाळतो, कुठला शब्द पुन्हा पुन्हा वापरतो, प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देतो का, यातून तो वेगळा होतो. 'उद्गारला, वदला, पृच्छा केली' यांना निरोप द्या. 'म्हणाला' आणि 'म्हणाली' वाचताना दिसत नाहीत, हाच त्यांचा गुण.

'केले' आणि 'केलं' हाही निर्णय एकदाच घ्यायचा. निवेदन 'केले'त आणि संवाद 'केलं'मध्ये, किंवा दोन्हीकडे 'केलं'. काहीही चालेल. एका परिच्छेदात 'त्याने पाहिले' आणि पुढच्यात 'तिने पाहिलं' आलं की निवेदकच बदलल्यासारखा वाटतो.

तपशिलांची पडताळणी वेगळ्या वाचनात करा, हातात फक्त आकडे आणि नावं. पुण्यातल्या कथेत ठरावीक खड्डे आहेत. समजा कथा २०२३ सालातली आणि सुधीर ५२ वर्षांचा. मग त्याचा जन्म १९७१च्या आसपासचा. पानशेतचा पूर १२ जुलै १९६१चा. नदीकाठच्या नारायण पेठेतल्या वाड्यात त्या पाण्याची आठवण असणारच, पण ती आईच्या तोंडून आलेली. सुधीरने जिन्यावर चढणारं पाणी 'पाहिलं' असं लिहिलं तर संपादक तिथेच थांबतो. १९९५ सालच्या प्रसंगात बस 'पीएमटी'ची हवी, कारण पीएमपीएमएल २००७ साली झाली. वनाज ते गरवारे मेट्रो धावू लागली मार्च २०२२ मध्ये. डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी सुटते आणि संध्याकाळी मुंबईहून परत निघते, त्यामुळे संध्याकाळी भांडून दादा तिने मुंबईला जाऊ शकत नाही. मुठेवरचा भिडे पूल पाण्याखाली जातो तो खडकवासला धरणातून विसर्ग वाढल्यावर, फेब्रुवारीत नव्हे.

आणि सही. पुनर्विकासाचा करार टीपॉयवर सही करून संपत नाही. त्याची नोंदणी दुय्यम निबंधक कार्यालयात होते आणि तिथे जाऊन अंगठा, फोटो देऊन सही आपलीच असल्याची कबुली द्यावी लागते. उपाय सांगू नये असं वर म्हटलं खरं, पण इथे मोह आवरत नाही: घरची सही आणि कार्यालयातली कबुली यांच्यामध्ये सुधीरला काही दिवस मिळतात, आणि आराखड्यात ते दिवस कुठेच नाहीत. म्हणूनच पाठवण्याआधी कथा तीन वाचकांना द्या, आणि त्यातला एक विषयातला हवा, वाड्याच्या व्यवहारातून गेलेला. दुसरा भरपूर कथा वाचणारा. तिसरा असा, ज्याचा साहित्याशी फारसा संबंध नाही. तिघांना एकदम देऊ नका. एकाचं ऐकून दुरुस्त करा, मग दुसऱ्याला द्या, कारण कोरी नजर एकदाच वापरता येते. 'कशी वाटली?' असं विचारलंत तर 'छान' हेच उत्तर येणार. विचारायचं ते असं: कुठे थांबून फोन बघावासा वाटला? सुधीरला काय हवंय असं वाटलं? दुसऱ्या दिवशी काय आठवत होतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अनेकदा लेखकाला अनपेक्षित असतं.

शेवटासाठी एक चाचणी. शेवटचा परिच्छेद हाताने झाका आणि कथा संपतेय का बघा. मग शेवटचे दोन झाका. 'त्याला उमगलं की वाडा भिंतींचा नसतो, माणसांचा असतो' या जातीचं वाक्य झाकलं की बहुतेक कथा अर्ध्या पानाआधीच संपलेली सापडते.

शुद्धलेखन सर्वात शेवटी, पण टाळायचं नाही. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ साली आलेले १४ आणि १९७२ साली भर पडलेले ४, असे १८ नियम आहेत. छोटी पुस्तिका मिळते, अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत विचारा. सर्वाधिक चुका सामान्यरूपात होतात: जमीन पण जमिनीवर, बहीण पण बहिणीला, फूल पण फुलाला. मराठी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ, पण 'आणि' ऱ्हस्व. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेला मजकूर असेल तर 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' अशा जागा आणि रफार डोळ्यांनी तपासा. रूपांतरात तेच आधी मोडतं. वाक्य अर्धवट सोडणारी तीन टिंबं (...) किती वेळा आली ते मोजा. पानावर दोनपेक्षा जास्त असतील तर प्रत्येकाच्या जागी काय बोलायचं राहिलंय ते विचारा.

पुढच्या बैठकीला अख्खी कथा घेऊ नका. या कथेचे पहिले ६०० शब्द छापून सगळ्यांना द्या, नाव काढून टाका, आणि प्रत्येकाने समासात खुणा करून झाल्यावर एकच वाक्य लिहून द्यावं: सुधीरला काय हवंय. सहा कागदांवर सहा वेगळी वाक्यं आली, तर कुठून सुरुवात करायची ते कळलंच.